बाईंच्या खोलीतला सूर्यास्त

पिंप्राळा, जळगाव
२९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. मोहिनीअक्का यांस,
सादर जय जिनेंद्र.

मी, अभयकुमार बन्सीलाल सांखला, वय चौपन्न, वाणिज्य पदवीधर, येथील एका डाळमिलमध्ये कार्यालय व्यवस्थापक, आपला धाकटा भाऊ, आणि गेल्या पाच महिन्यांपासून मातोश्री धनकुंवरबाई यांच्या घरच्या शुश्रूषेस सर्वस्वी जबाबदार असलेली व्यक्ती, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. यापुढे सायंकाळी पाच ते रात्री नऊ या वेळेत बाईंना भेटण्यास कोणीही येऊ नये व त्यांच्या खोलीतील फोनवर कोणीही संपर्क साधू नये, ही विनंती आपल्यामार्फत सर्व नातेवाइकांना कळावी. कारण संसर्गाची भीती, हे आहे.

पत्र लिहिण्याचे कारणही नमूद करतो. बाईंना बोलता येत नसले तरी ऐकू सर्व येते. त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याविषयी फोनवर बोलणे प्रशस्त नाही, आणि दहा मिनिटे अंगणात जाऊन बोलावे तर गळ्यातील नळीत कफ केव्हा अडकेल याचा नेम नाही. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगी विधी सासरी सुरतेस आहे. शुश्रूषेला ठेवलेल्या अनवरीबाई सकाळी दहा ते सायंकाळी सहा असतात. उरलेल्या सोळा तासांत मी आहे.

बाईंची प्रकृती स्थिर आहे. गळ्यातील छिद्रातून श्वास, नाकातील नळीतून पातळ आहार, दर दोन तासांनी कूस बदलणे, गरज पडेल तसे सक्शन, म्हणजे यंत्राने कफ ओढून घेणे. डाव्या हाताची दोन बोटे हलतात. एकदा टेकवले तर होय, दोनदा टेकवले तर नाही. बुद्धी पूर्ण शाबूत आहे. माझ्या प्रकृतीविषयी चिंतेचे कारण नाही.

आपला नम्र,
अभयकुमार


दोंडाईचा
५ सप्टेंबर

चि. अभयकुमारास,
अनेक आशीर्वाद.

नाव, वय आणि पदवी कळवलीस ते बरं केलंस. तुला झोळीत घालून मीच झोके दिलेत, म्हणून ओळख पटायला जरा वेळ लागला. आणि मी 'आपण' कधीपासून झाले रे? यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मिलची नोटीस चुकून आपल्या पत्त्यावर आली वाटतं."

संवत्सरीला तुझं खमतखामणाचं कार्ड आलं. वर्षभरात जे काही चुकलं असेल त्याची सगळ्या जीवांकडे क्षमा मागितलीस आणि दोन दिवसांत सख्ख्या बहिणीला दार बंद केलंस. संसर्ग काय फक्त पाच ते नऊ येतो? सकाळी सुटी असते त्याला?

मला खरं कारण माहीत आहे, म्हणून चिडत नाही. जूनमध्ये मी आले होते, तू ते यंत्र सुरू केलंस, बाईचा चेहरा लाल झाला आणि मी ओसरीवर पळाले ती परत आत आलेच नाही. चारची गाडी धरली. तेव्हा अनवरीसमोर तू म्हणालास, "अक्का, तू बाहेरच बस, तुझ्यानं होणार नाही." ते मी विसरलेले नाही. पण बाईनंच सांगितलं असेल की मोहिनीला आणू नकोस, तर तसं सरळ लिही. 'नातेवाईक' म्हणून सगळ्यांच्या रांगेत मला उभं करू नकोस.

दुसरं. अनवरीचा मला परवा फोन आला होता. महिनाअखेर काम सोडते म्हणाली. का, ते सांगेना. "भाऊला विचारा, मी घरातली गोष्ट बाहेर नेत नाही," एवढंच. पाच महिने जिनं बाईला बाळासारखं हाताळलं ती अशी का निघाली? तू काही बोललास का तिला?

माझी शपथ, या वेळी नोटीस पाठवू नकोस.

तुझी,
अक्का


पिंप्राळा
१२ सप्टेंबर

ती. अक्कास,
सादर जय जिनेंद्र.

तुझे पत्र पोचले. बाईंनी तुझ्याविषयी काहीही सांगितलेले नाही. जूनमधील माझे वाक्य मला आठवत नाही. परंतु तू उद्धृत केले आहेस तसेच ते असणार, कारण ते माझ्या पद्धतीचे आहे.

अनवरीबाईंना मी दुखावलेले नाही. त्यांच्याकडून एका गोष्टीची अपेक्षा ठेवली, तिला त्यांनी नकार दिला. ती गोष्ट आता तुला सांगणे प्राप्त आहे.

बाईंचा चौविहार तुला ठाऊक आहे. बेचाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर त्यांनी अन्न काय, पाण्याचा थेंबही घेतला नाही. जुलैअखेर त्यांचे वजन एकोणचाळीस किलोवर आले आणि पाठीवरची जखम भरेना. डॉक्टरांनी आहार वाढवून दिवसातून सात वेळा केला. सातही वेळा मी उजेडात बसविल्या. दोन भरण्यांमध्ये अंतर पुरेना, तिसऱ्या दिवशी अन्न उलटले आणि छातीत जाता जाता राहिले. डॉक्टर म्हणाले, शेवटचे भरणे गोळीसह रात्री आठला द्या, नाहीतर पुन्हा दवाखाना.

मी पंचांग पाहिले. त्या दिवशी सूर्यास्त सात वाजून सहा मिनिटांनी होता आणि तो रोज अलीकडे सरकत होता. डॉक्टरांचे आठ मात्र आठच राहणार होते.

म्हणून मी बाईंच्या खोलीतील घड्याळ मागे केले. दुपारी एकला मी मिलमधून जेवायला येतो. तेव्हा त्या झोपलेल्या असतात. मी स्टुलावर चढून काटा दोन तास मागे नेतो आणि पहाटे त्या उठण्यापूर्वी पुन्हा पुढे आणतो. खिडकीला जाड पडदा आहे, दिवा दिवसभर चालू असतो. समोरच्या बांधकामाची धूळ येते, असे मी त्यांना सांगितले. रात्री आठला त्यांच्या भिंतीवर सहा वाजलेले असतात. मी म्हणतो, "बाई, सूर्य आहे अजून." त्या एक बोट टेकवतात.

आता तुला पाच ते नऊ या वेळेचा अर्थ लागेल. कोणी येऊन "संध्याकाळचा चहा झाला का" असे सहज म्हटले तरी सर्व उघडे पडेल.

अनवरीबाई सहाला निघतात तेव्हा भिंतीवर चार असतात. बाईंनी डोळ्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि मग त्यांच्याकडे. मी अनवरीबाईंना विनवले की आज लवकर जायचे आहे एवढे म्हणा. त्या पाय धुवायच्या मोरीपाशी मला म्हणाल्या, "भाऊ, मी रोजा धरते. सूर्य डुबला की नाही याचं खोटं माझ्या तोंडून नाही निघायचं. दुसरं काही पण सांगा." त्यानंतर त्या काही न बोलता जातात, आणि बाई दाराकडे बघत राहतात.

परिणामांचा विचार करता वजन साडेचाळीस किलो झाले आहे, जखम अर्ध्याने भरली आहे. चूक एकही झालेली नाही. माझी झोप पुरेशी आहे.

हे तुझ्यापाशी ठेव.

तुझा,
अभय


दोंडाईचा
२० सप्टेंबर

चि. अभयास,

पत्र वाचलं. पहिला विचार आला तो पापाचा नाही, स्टुलाचा. चौपन्न वर्षांचा माणूस रोज दोनदा स्टुलावर चढतो आणि लिहितो, झोप पुरेशी आहे. अभय, तुझं अक्षर खाली उतरत चाललंय. पहिल्या पत्रात ओळी आखल्यासारख्या होत्या.

मला राग नाही आला. मी तिथे नसते, म्हणून रागावायचा हक्क मला नाही. पण काही तरी करावं म्हणून आपल्या जैन स्थानकात गेले. इथे चातुर्मासाला साध्वी आहेत, महासतीजी. नाव न घेता विचारलं की एका आजारी बाईंचा चौविहार आहे आणि औषध-अन्न रात्रीच द्यावं लागतं, तर काय? मी वेडी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, पचखाणाच्या, व्रत घेतानाच्या पाठातच आजाऱ्यासाठी सूट आहे, तुम्ही रोज म्हणता आणि अर्थ बघत नाही का? बेचाळीस वर्षं बाई तो पाठ म्हणत आली. तुलाही पाठ आहे, मलाही.

मी तिथून आनंदानं उठत होते, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण ती सूट घ्यायची की नाही, हे ज्याचं पचखाण त्यानं ठरवायचं. त्यांना विचारलंय का?"



तू डॉक्टरांना विचारलंस, पंचांगाला विचारलंस. बाईला विचारलं नाहीस. ती नाही म्हणेल, हे तूच ठरवून टाकलंस. तुला आठवतं, अमळनेरच्या लग्नात वरात उशिरा आली, पंगत बसेपर्यंत दिवस मावळला. सगळ्या बायका आग्रह करकरून थकल्या. बाई हसत म्हणाली, "पोट माझं आहे, तुम्ही कशाला कळवळता?" आणि रात्रभर वाढत राहिली. तिच्या पोटाचा निर्णय दुसऱ्यानं घेतलेला तिला कधी चालला नाही, उपाशी ठेवायचा नाही आणि जेवू घालायचाही नाही.

आणि माझं ऐक. जूनमध्ये मी घाबरून पळाले हे खरं, पण पुढे आले नाही ते त्यामुळे नव्हे. तू म्हणालास "तुझ्यानं होणार नाही", आणि मला आत कुठे तरी बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. यांच्या मधुमेहाचं, दुकानातल्या मिरचीच्या हंगामाचं कारण मी सगळ्यांना सांगते. खरं कारण हे आहे. आता मीही तुला सांगितलं.

ये म्हण, मी येते. पण तू म्हटल्याशिवाय येणार नाही. तुला माणूस लागतं हे एकदा तुझ्या हातानं लिही.

अक्का


दोंडाईचा
६ ऑक्टोबर

अभय,
पंधरा दिवस झाले. दसऱ्याचं सोनंही पाठवलं नाहीस. तुझा फोन बंद, अनवरी उचलत नाही. दोन ओळी टाक.
अक्का


पिंप्राळा
१४ ऑक्टोबर

ती. अक्कास,

उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व. घटना क्रमाने लिहितो.

३ ऑक्टोबर रोजी सायंकाळी मी मनगटावरील घड्याळ पाहिले. सहा वाजले होते. रक्तदाबाची गोळी पूर्वी सहाला देत असू. ती कुटून पाण्यात विरघळवली आणि नळीतून दिली. नंतर बाईंची कूस बदलली, पाठ पुसली, सक्शन केले, आणि खुर्चीत बसलो. बहुधा डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा समोर भिंतीवर सहा वाजले होते. गोळीची वेळ झाली म्हणून मी उठलो, गोळी कुटली आणि दिली.

दोन्ही वेळी सहाच वाजले होते, अक्का. दोन तासांच्या अंतराने.

साडेनऊला बाईंचे हात गार पडले. दोन दिवस दवाखान्यात होत्या. गोळी दुसऱ्यांदा गेली हे मला तोवर ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी छातीठोकपणे सांगितले की माझ्या हातून चूक होत नाही. बदली माणूस मिळेना म्हणून अनवरीबाई महिना संपल्यावरही येत होत्या; दुसऱ्या दिवशी त्या घर झाडायला थांबल्या होत्या, त्यांना खलाजवळ त्या गोळीचे दोन रिकामे कप्पे सापडले; आदल्या दिवशी त्यांनी तिथे झाडले होते, म्हणजे दोन्ही त्याच संध्याकाळचे. त्या दवाखान्यात आल्या आणि माझ्या हातात ते ठेवले.  मी डॉक्टरांकडे जाऊन ते दाखवले. आयुष्यात इतके लांब अंतर मी चाललो नसेन.

बाईंना घरी आणल्यावर मी अनवरीबाईंसमोर पडदा काढला, घड्याळ बरोबर लावले आणि ऑगस्टपासूनचे सर्व बाईंना सांगितले. त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकही बोट हलले नाही. सक्शन करू का, कूस बदलू का, कशालाच उत्तर नाही. मी विचारीत राहिलो आणि करीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी तुझा प्रश्न विचारला. म्हणालो, "बाई, महासतीजी म्हणतात, आजाऱ्याला सूट आहे. रात्रीचे भरणे घ्याल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोटे दोनदा टेकली. वजन घटेल, जखम पुन्हा उघडेल, हेही सांगितले. पुन्हा दोनदा. मी तिसऱ्यांदा विचारणार होतो, तर अनवरीबाई म्हणाल्या, "भाऊ, किती वेळा विचारता? त्यांनी सांगितलं."

डॉक्टरांना कळविले. त्यांनी नाराजीने पाच वेळांचे, अधिक दाट आहाराचे कोष्टक करून दिले आहे. गोळी आता शेवटच्या भरण्यासोबत, दिवस असताना. अनवरीबाई काम सोडणार नाहीत असे म्हणाल्या. आज वजन चाळीस किलो दोनशे आहे. पुढे ते किती राहील, हे मी सांगू शकत नाही.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होत नाही. बाईंनी दोनदा बोटे टेकवली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले ते दुःख नव्हते. उद्यापासून आठला काही करायचे नाही, हे वाटले. माझ्या आईने कमी खायचे ठरविले आणि मला सुटल्यासारखे झाले. तू तुझ्या पत्रात हाच शब्द लिहिला होतास. तेव्हा मी मनात तुला दोष दिला होता.

मला हे एकट्याने होत नाही. तू ये.

अभय


दोंडाईचा
१७ ऑक्टोबर

चि. अभय,

रविवारी सकाळच्या भुसावळ गाडीनं येते. दिवाळी तिकडेच.

अट एक. भाऊबीज झाली की तू इकडे यायचंस, आमच्या घरी. मी बाईपाशी असताना तू दारात उभा राहून माझ्या हातांवर नजर ठेवणार असलास तर माझ्यानं खरंच होणार नाही. यांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "साहेबांना वरची खोली देऊ, नोटीस बोर्ड आधीच लावून ठेवतो."

मी अजून घाबरते. ते जाईल म्हणून येत नाहीये, तसंच घेऊन येते.

अक्का


पिंप्राळा
३० ऑक्टोबर

अभय,

आज मी केलं.

सकाळी घरघर सुरू झाली. अनवरी मोरीत होती. मी हाक मारली तर तिथूनच म्हणाली, "हात धुवा, हातमोजे घाला, मी आलेच." ती मुद्दाम सावकाश आली, मला समजलं. मी नळी हातात घेतली आणि डोळे मिटले. अनवरी मागून म्हणते, "अक्का, नळी डोळे मिटून कुठं घालणार? बाईंच्या कानात?"

डोळे उघडले. घातली, दहा अंक मोजले, काढली. कफ आला. काढून ठेवताना नळी पलंगाच्या दांडीवर वाजत होती. बाईकडे बघवेना. मग बघितलं तर ती हसत होती. आवाज नाही, पण पोट हलत होतं.

वजन एकोणचाळीस आठशे. जखमेची कड लाल आहे, डॉक्टर उद्या बघणार. लपवत नाही. मी तिला पुन्हा काही विचारलेलं नाही. संध्याकाळी शेवटचं भरणं झालं की ती स्वतः खिडकीकडे डोळे वळवते, मी पलंगाचं डोकं उंच करते, आणि दिवस जाईपर्यंत आम्ही दोघी बाहेर बघतो. त्या वेळी तिचा चेहरा जूनमधला नसतो. एवढंच सांगू शकते.

तू जेवतोस का? हे फोनवर म्हणाले, तू बसल्या जागी दचकतोस.

अक्का


दोंडाईचा
४ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सादर जय जिनेंद्र.

तुझे पत्र मिळाले. नळी दांडीवर वाजल्याचा जो उल्लेख आहे, त्यावरून नळी त्यानंतर बदलली असेल असे गृहीत धरतो.

हे वाक्य लिहून झाल्यावर दाजींनी ते वाचले आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. मी तो परत मागून घेतला आहे. वाक्य तसेच ठेवतो, कारण मी तसाच आहे. मात्र परवा तुझ्यासाठी केलेली सूचनांची यादी मी फाडली. सव्वीस सूचना होत्या. त्यांतल्या चोवीस अनवरीबाईंनीच मला शिकवल्या होत्या.

येथे विश्रांती जमत नाही. बाजारात मिरचीचे ढीग आले आहेत, रस्त्यावर प्रत्येकजण खोकतो, आणि कोणी खोकले की मी उभा राहतो. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी जाग येत होती. उठून अंधारात उभा राहत असे. कूस बदलायला कोणी नसे. एकदा मी दाजींच्या कुशीखाली हात घातला. ते म्हणाले, "साहेब, मी आपला आपण वळतो."

काल दुपारी जेवण झाल्यावर पाट सरकवला आणि तिथेच जमिनीवर आडवा झालो. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि दाजी अंधारात चाचपडत पंख्याचे बटन शोधीत होते. किती वेळ झोपलो ते मी विचारले नाही. उठून पाणी प्यायलो, वर खोलीत गेलो आणि पुन्हा झोपलो.

बाई काय गमावीत आहेत ते मला दिसते. एकोणचाळीस आठशे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या ते ओळखून करीत आहेत, आणि मी तिथे असतो तर पुन्हा काही तरी युक्ती काढली असती. माझ्यात ती आहे, हे मला आता माहीत आहे. म्हणून मी परतल्यावरही तू निघू नयेस. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी, आणि मधले दोन दिवस दोघे, असे मी सुचवितो. दाजींची संमती घेतली आहे. ते म्हणाले, "लेखी द्या." दिले.

ठरल्याप्रमाणे मी गुरुवारी परतणार होतो. रविवारी येईन. या तीन दिवसांसाठी माझ्याकडे कोणतेही कारण नाही. मला आणखी झोपायचे आहे.

बाईंना वाकून नमस्कार सांग. अनवरीबाईंना सलाम.

तुझा,
अभयकुमार बन्सीलाल सांखला
मुक्काम दोंडाईचा, जि. धुळे
४ नोव्हेंबर २०२५